पाच तारखेची माणसं

“वाक,” आई म्हणाली.

रिक्षातून उतरून मी अजून धड उभीही राहिले नव्हते. समोर कराडातलं रासन्यांचं घर, दारात ताजी रांगोळी, आणि दाराची चौकट अशी की खालून उंट गेला असता.

“कशाला वाकू? दार बघ केवढं आहे.”

“दारासाठी नाही सांगत, आतल्या माणसांसाठी सांगतेय. खांदे सोड. मान खाली. आणि मुलाच्या शेजारी अजिबात उभी राहू नकोस. दिसली खुर्ची की बस.”

“आणि कुणी बस म्हणालंच नाही तर?”

“तर चक्कर आल्यासारखं कर.”

अण्णांनी पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला आणि आभाळाकडं बघितलं. ते स्वतः सहा फुटांचे. माझ्या उंचीचं सगळं पाप आई त्यांच्याच पदरात घालायची, जणू त्यांनी मुद्दाम माप देऊन मला शिवून घेतलं होतं. त्यामुळे या विषयात ते तोंड उघडत नसत.

मी हेमांगी वेळापुरे, मूळची तासगावची. तेव्हा तिशी ओलांडलेली होती, उंची पाच फूट नऊ इंच, आणि वर पत्रिकेत मंगळ. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मंगळाच्या मुलीला मंगळाचा मुलगा लागतो, उंच मुलीला उंच मुलगा लागतो. दोन्ही जमून आलेला एकच सापडला, विट्याचा, तर तो सकाळच्या चहाला झुलतच आला. बाकीच्यांनी पोहे खाल्ले आणि पाठ फिरवली. एक मावशी तर बशी खाली ठेवत म्हणाल्या, “पोरगी गुणाची आहे हो. पंखे पुसायला स्टूल नको.” त्या गेल्या त्या गेल्याच.

आईनं मग आपल्या परीनं उपाय शोधला होता. वधूवरांच्या कुठल्याही फॉर्मवर ती माझी उंची पाच-सहा लिहायची. वरचे तीन इंच ती दाबून ठेवायची आणि ते खोटं खरं दिसावं म्हणून मला जन्मभर वाकवायची. माझी पाठ दुखायची, मान दुखायची. पण आईची भीती खरी होती, म्हणून मी वाकायची.

रासन्यांचं स्थळ आलं ते सांगलीच्या मेळाव्यातून. आमच्या समाजाच्या मंडळानं त्या वर्षी मोठीच झेप घेतली होती. कार्यवाह तिवाटणेकाका निवृत्तीनंतर संगणकाचा कोर्स करून आले होते, आणि नव्या नवलाईत त्यांनी मंडळाचं सगळं काही संगणकात घातलं होतं, शिपायाच्या रजासुद्धा. मंडळाचा एक जुना नियम होता. फॉर्मवर फक्त जन्मसाल लिहायचं. पूर्ण तारीख घरच्यांनी स्वतःजवळ ठेवायची, कारण तारीख हाती लागली की लोक मुलगी बघायच्या आधी ज्योतिषी गाठत. तरीही काकांनी स्टेजवरून जाहीर केलं, “यंदा संगणकीय गुणमेलन! पसंती कळवा आणि जेवण होईस्तोवर गुण हातात घ्या!” टाळ्यांचा कडकडाट झाला. तारखेवाचून गुण कसे काढणार, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. संगणक काढतोय म्हटल्यावर त्याला कोण विचारणार?

त्या वर्षीच्या पुस्तिकेत उंचीचा रकानाही नव्हता. “टायपिंगवाल्यानं गाळला, पुढच्या वर्षी बघू,” असं काका म्हणाले. आईनं ती पुस्तिका कपाळाला लावली.

माझं नाव पुकारल्यावर मी स्टेजवर गेले. माईक माझ्या पोटाशी होता. पहिल्या रांगेतून आईनं डोळे वटारले, मी नेहमीप्रमाणे अंगाची घडी घालून माईकला तोंड लावलं आणि “नमस्कार, मी...” एवढंच म्हणाले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मुलगा उठला. बेताच्या उंचीचा, हसऱ्या तोंडाचा. सरळ स्टेजवर आला, माईकचा आटा सैल केला, हात ताणून माईक माझ्या तोंडापर्यंत वर चढवला आणि म्हणाला, “हां. आता बोला.” मग खाली जाऊन बसला.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. पण ते सगळं सरळ उभं राहून बोलले. आणि खाली उतरले तेव्हा माझं ठरलेलं होतं. हा नाही तर कुणी नाही.

तो श्रीरंग रासने. कराडात भांड्यांचं दुकान. आमची पसंती गेली, त्यांची आली, आणि जिलेबी संपायच्या आत काकांनी छापील कागद हातात दिला. गुण चौतीस. मंगळ, दोघांनाही नाही.

“आई,” मी कुजबुजले, “माझा मंगळ?”

“गप.”

“अगं पण आहे ना मला?”

“संगणकाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.”

“पत्रिकेतला मंगळ जाईल कुठं?”

“ग्रह हलतात,” आई म्हणाली. “शाळेत शिकलीस ना?”

पुढं दोन-चारदा मी कामाच्या निमित्तानं कराडला गेले आणि दर वेळी दुकानात डोकावले. वरच्या फळीवरचे कुकर काढायला श्रीरंग एक आकडीची काठी वापरायचा. एकदा गिऱ्हाईक खोळंबलेलं, काठी सापडेना, तर मीच हात वर करून कुकर काढून दिला. तो बघत राहिला. “तुम्ही या घरात आलात की काठी विकून टाकतो,” म्हणाला. उंचीवरून लोक मला लहानपणापासून हसत आले होते, पण त्यात मी पहिल्यांदाच मनापासून हसले.

तर असं सगळं जुळत आलेलं, आणि आज बैठक. साखरपुड्याची तारीख धरायची, पेढे द्यायचे, उठायचं. एवढंच काम होतं. मी मान पाडून आत शिरले आणि पहिली खुर्ची पकडली.

समोर सोफ्यावर मधोमध बेबीआत्या. श्रीरंगचे वडील तो शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून त्या घरात त्यांच्या या थोरल्या बहिणीचा शब्द शेवटचा होता. आत्या पत्रिकेच्या पक्क्या. मांजर पाळायचं तर तेही मुहूर्त बघून आणतील. श्रीरंगची आई, सरलाबाई, अगदी चिमणीएवढ्या, कोपऱ्यातल्या शिवणयंत्राच्या स्टुलावर टेकलेल्या. त्या बोलतच नव्हत्या. बाजूला मध्यस्थ म्हणून तिवाटणेकाका, मांडीवर कागदांची चळत घेऊन. श्रीरंग दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली.

चहा झाला. आत्यांनी घसा साफ केला.

“माझं असं म्हणणं आहे, साखरपुडा पाच जूनला करू. म्हणजे साखरपुडाही होईल आणि सूनबाईचा वाढदिवसही. केकची ऑर्डर देऊन ठेवलीय मी, अननसाचा.”

“वा, वा,” अण्णा म्हणाले आणि एकदम थांबले.

“माझा वाढदिवस?” मी म्हणाले. “माझा तर नोव्हेंबरात...”

आईचा कोपर माझ्या बरगडीत बसला.

“शाळेत वेगळा घातलाय!” आई म्हणाली.

“शाळेत सगळ्यांचाच एक जूनचा घालतात,” आत्या म्हणाल्या. “हा पाच कसा?”

“मास्तर चार दिवस रजेवर होते.”

आईची ही हजरजबाबी बुद्धी देशाच्या कामाला आली असती तर आपण कुठल्या कुठं असतो. आत्यांचं जवळजवळ समाधान झालंही होतं. पण दाराशी उभ्या श्रीरंगला हसू आवरेना.

“काका,” तो म्हणाला, “तुमच्या कागदावर माझी तारीख काय आहे?”

काकांनी चष्मा लावला. “पाच जुलै.”

“मी डिसेंबरचा आहे.”

“अरे हो की!” आत्या म्हणाल्या. “मला वाटलं, संगणकानं तिथीनं काढली असेल.”

“दोघंही पाच तारखेचे,” काका म्हणाले, “म्हणून तर चौतीस गुण जमले! आणि तुम्हांला म्हणून सांगतो बेबीताई, मोठं गूढ आहे. आपला जवळजवळ सगळा समाजच पाच तारखेचा आहे.”

“काय सांगता?”

“बघा ना.” काकांनी चळत पुढं केली. “पाच फेब्रुवारी, पाच मार्च, पाच ऑगस्ट, पाच मार्च. मुली बहुतेक वर्षाच्या पहिल्या सहामाहीतल्या, मुलगे दुसरीतले. थोड्या मुली चार नोव्हेंबरच्या. मोजके मुलगे सहा जानेवारीचे. बाकी सगळी पाच तारीख! मी स्मरणिकेत यावर लेख लिहितोय. ‘आपला समाज आणि पाच तारखेचं माहात्म्य’.”

आत्यांनी हात जोडले. “कुलस्वामिनीची कृपा.”

“फक्त एका मुलीची तारीख नीट आली नाही. नुसतं पाच-शून्य असं आलं. तिचा जन्म मी एक जानेवारीला धरला. आणि वेळ कुणाचीच नव्हती, तर सगळ्यांना दुपारी बारा.”

पाच-शून्य म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी हात लांब करून काकांच्या मांडीवरचा कागद ओढून घेतला. माझ्या नावापुढं पाच जून. श्रीरंगच्या नावापुढं पाच जुलै. त्याच्या खाली विट्याचा तो झुलणारा, सहा जानेवारी. सहा फूट एक इंच होता मेला.

मला हसायला आलं. इतकं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईला वाटलं मी तिनं सांगितलेली चक्कर आणतेय, ती पदरानं वारा घालायला लागली.

“काका,” मी म्हणाले, “ही यादी तुम्ही संगणकात कशी घातलीत?”

“सोपं आहे,” काका खुशीत आले. “टायपिंगवाल्यानं वर्डमध्ये करून दिली होती. मी ती कॉपी केली आणि एक्सेलमध्ये पेस्ट केली. एका झटक्यात! बिचाऱ्याचे रकाने मात्र चुकले होते. उंचीच्या डोक्याखाली सगळ्या तारखा भरलेल्या. मीच मग वरचं ‘उंची’ खोडलं, ‘जन्मतारीख’ केलं, आणि साल शेजारच्या रकान्यातून लावलं.”

“त्याचे रकाने चुकले नव्हते. ती उंचीच होती.”

खोलीत कुणालाच काही कळलं नाही. मी तासगावात द्राक्षं तपासायच्या लॅबमध्ये काम करत होते. शेतकऱ्यांचे प्लॉट नंबर असेच असायचे, तीन-चार, सात-दोन. एक्सेलमध्ये चिकटवले की तीन-चारचा तीन एप्रिल व्हायचा आणि सात-दोनचा सात फेब्रुवारी. आम्ही रोज त्याच्या नावानं बोटं मोडायचो. ते सगळं मी सांगितलं.

“आपण लिहितो पाच-सहा,” मी म्हणाले, “म्हणजे पाच फूट सहा इंच. एक्सेलला वाटतं, पाचवा दिवस, सहावा महिना. लगेच पाच जून करून मोकळा. आपल्याला विचारतसुद्धा नाही.”

“आत्यासारखंच,” श्रीरंग पुटपुटला.

“काय रे?”

“काही नाही. चालू दे.”

“म्हणून मुली सहामाहीच्या आत,” मी म्हणाले, “पाच फूट दोन, पाच फूट तीन. मुलगे त्यापुढं. चार नोव्हेंबरवाल्या म्हणजे चार फूट अकरा. आणि पाच-शून्य म्हणजे बरोबर पाच फूट. शून्यावा महिना नसतो, म्हणून तिचा जन्मच झाला नाही.”

तिवाटणेकाकांनी चळत पुन्हा पहिल्यापासून चाळली. आतून कुकरची शिट्टी झाली.

“म्हणजे,” आत्या एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “गुण... उंचीवरून... काढले?”

“हो.”

“मी शुक्रवार करते. आणि उंचीवरून?” मग त्यांचा चेहरा बदलला. आत्या पत्रिकेच्या पक्क्या होत्या तशा हिशेबाच्याही. “थांब. पाच-सहा म्हणालीस. तू पाच-सहा आहेस?”

“आहे की!” आई म्हणाली.

“उभी राहा.”

“बसू दे हो तिला. पाय मुरगळलाय.”

“मगाशी चक्कर येत होती.”

“चक्कर येऊनच मुरगळला.”

मी आईकडं बघितलं. तिच्या कपाळावर घाम आला होता. तिनं मला इतकी वर्षं वाकवलं याचा मला राग होता, खरंच होता. पण त्या क्षणी ती फक्त घाबरलेली दिसत होती. मग मी श्रीरंगकडं बघितलं. यानं एकदा माईक वर चढवला होता. त्याच्यासमोर आता काय वाकायचं?

मी उठले. खांदे मागं घेतले, मान वर केली. पाठीतलं काहीतरी कडकन वाजलं, सगळ्यांना ऐकू गेलं असेल.

“अगं बाई,” आत्या म्हणाल्या. “ही संपतच नाही. सरला, टेप आण.”

सरलाबाईंनी यंत्राच्या खणातून टेप काढली. आत्या स्वतः चौरंगावर चढल्या. अण्णांनी टेपचं खालचं टोक माझ्या टाचेशी धरलं. इतक्या वर्षांत या विषयात त्यांनी केलेली ती पहिलीच हालचाल.

“पाच फूट नऊ,” आत्यांनी निकाल दिला. “विहीणबाई, तीन इंच कुठं गेले?”

आई पदराशी चाळा करत बसली.

“आता तू ये रे.”

श्रीरंग निमूट येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. आत्यांना चौरंगावरून उतरावं लागलं. “पाच-पाच. आणि कागदावर पाच-सात? हे कुणी लिहिलं?”

सरलाबाई टेप गुंडाळत होत्या. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होत्या.

“सरला?”

“मला वाटलं, वाढेल अजून,” त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

“तेहतिसाव्या वर्षी?”

“त्याचे मामा उशिरा वाढले होते.”

या वेळी आईनं मान वर केली आणि सरलाबाईंकडं अशा मायेनं बघितलं की जणू जत्रेत हरवलेली बहीण सापडली असावी.

पण आत्यांचा पारा आता चढला होता. त्यांनी कपाटातून पंचांग काढलं. माझी खरी तारीख, खरी वेळ, खरं गाव आईकडून वदवून घेतलं. श्रीरंगचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. कोष्टकावरून बोट फिरवत त्या हिशेब करत होत्या.

“साडेअकरा,” त्या म्हणाल्या. “अठरा तरी लागतात. साडेअकरा! आणि मंगळ?”

“आहे,” आई म्हणाली आणि तिचा बांध फुटला. “सातव्यात आहे हो. मला वाटलं, संगणकानं काढून टाकला असेल. इतकी वर्षं झाली, कुणी हो म्हणत नव्हतं, मला वाटलं...”

“पुरे.” आत्यांनी पंचांग मिटलं. “झालं ते झालं. पेढे परत घेऊन जा. केकचं मी बघते.”

अण्णा उठले. त्यांनी पेढ्यांचा पुडा उचलला आणि नुसतं “चल गं बाळा” म्हणाले. मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू? इतक्या ठिकाणी नकार पचवले, हसण्यावारी नेले, घरी येऊन उरलेले पोहे खाल्ले. हा नकार पचणारा नव्हता. या माणसाशिवाय घरी परत जाणं मला दिसतच नव्हतं. आणि तरीही मी वाकले नाही, कारण आता ते मला जमेचना.

“एक मिनिट,” श्रीरंग म्हणाला.

तो माझ्यासमोर आला. मान जराशी वर करून त्यानं माझ्याकडं बघितलं.

“मला पाच-नऊ चालतं. माझी काहीच हरकत नाही. पण तुम्हांला कुणी विचारलंच नाही. तुम्हांला पाच-पाच चालेल का?”

खरंच, मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे माझी उंची मोजायला आले. समोरच्याची उंची मला चालते का, असं आईनंही विचारलं नव्हतं.

“चालेल,” मी नाक पुसत म्हणाले. “पण काठी विकू नका. मी रोज दुकानात यायची नाही.”

“चालेल म्हणे!” आत्या कडाडल्या. “साडेअकरा गुणांवर? उद्या काही झालं तर जबाबदार कोण? या घरात माझ्या भावाच्या माघारी मी...”

“वन्सं.”

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. सरलाबाई स्टुलावरून उठल्या होत्या. उठल्यावरही बसल्याएवढ्याच दिसत होत्या, पण आवाज मगाचा नव्हता.

“वन्सं, चौतीस गुण जमले होते ना?”

“ते उंचीचे होते, सरला!”

“उंचीचे कुठले? उंची तर दोन्हीकडची खोटी. पाच-सहा यांनी लिहिलं, पाच-सात मी लिहिलं. मग जमले ते कुणाचे?” त्यांनी टेपची गुंडाळी आईकडं रोखली. “यांचे नि माझे. आम्हां दोघींच्या थापा जुळल्यात, वन्सं. छत्तीसातल्या चौतीस!”

आत्यांनी पुन्हा पंचांगाकडं हात नेला, पण सरलाबाई थांबल्या नाहीत.

“पोरांचं पोरं बघून घेतील. ती आत्ताच बघून घ्यायला लागलीत, दिसतंय ना? संसारात विस्तव पडतो तो विहिणींमुळं. आपल्या घरात एक तरी लग्न सांगा जिथं विहिणी एका पंगतीला बसल्या. तुमच्याच लग्नात काय झालं होतं? श्रीखंड कुणाच्या अंगावर गेलं होतं?”

ही श्रीखंडाची गोष्ट मला पुढं श्रीरंगनं सांगितली. तेव्हा एवढंच दिसलं की आत्यांनी पदर सावरला आणि खिडकीबाहेर बघितलं.

“चौतीस गुणांची विहीण मला परत मिळायची नाही,” सरलाबाई म्हणाल्या. “मी सोडणार नाही यांना. अण्णासाहेब, ठेवा तो पुडा खाली.”

अण्णांनी पुडा ठेवला. कुणी हुकूम केला की त्यांना बरं वाटायचं.

“आणि मंगळाचं काय?” आत्या म्हणाल्या. पण आवाजातला जोर गेला होता.

“त्याची शांत करू. तुम्हीच ठरवा कधी नि कशी. तुमच्याशिवाय कोण करणार?”

“गुरुजी मी सांगेन तेच,” आत्या शेवटी म्हणाल्या.

“तेच.”

“आणि साखरपुडा पाच जूनलाच. केकवाला पैसे परत देत नाही.”

पुडा सुटला. आई आणि सरलाबाई एकमेकींना पेढे भरवायला लागल्या ते थांबेनातच. या गडबडीत तिवाटणेकाकांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ते चळत छातीशी धरून बसले होते, घामानं चिंब.

“बेबीताई,” ते हळूच म्हणाले, “त्या मेळाव्यातून आणखी बरीच जमलीत हो. काहींची लग्नंही झाली.”

“सुखात आहेत का?”

“आहेत तशी. एकीला तर दिवस गेलेत.”

“मग पाच तारखेचेच राहू देत त्यांना,” आत्या म्हणाल्या. “आणि तो लेख तेवढा छापू नका.”

आत्या आता थकल्यात, पण दर पाच जूनला अननसाचा केक पाठवतात. मी नोव्हेंबरातली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आई नि सरलाबाई मात्र दर वर्षी देवदर्शनाच्या नावाखाली गावोगाव हिंडतात, आणि कुठं गेलो होतो म्हणून दोघी मिळून जे सांगतात त्यातलं मी निम्मंच खरं मानते.

लग्न चातुर्मास लागायच्या आधीच उरकलं. मांडवात मी पाटावर उभी, समोर श्रीरंग पाटावर, मध्ये दोन मामांनी धरलेला अंतरपाट. मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट पडेपर्यंत नवरा दिसायचा नसतो म्हणे. मामांनी तो नेहमीच्या उंचीवर धरला होता, तो आला माझ्या हनुवटीशी. पलीकडं श्रीरंग, मुंडावळ्यांच्या मधला त्याचा भोवरा, आणि मी बघतेय हे कळून हसू दाबणारे त्याचे ओठ, सगळं मला आरामात दिसत होतं. हॉलमध्ये खसखस पिकली. माझे कान तापले.

“वाक!” मागून आई फुसफुसली. “वाक गं, लोक बघतायत!”

जन्माची सवय. माझे खांदे सुटायला लागले, गुडघे सैल झाले.

“कुणी वाकायचं नाही!” अंतरपाटाच्या पलीकडून सरलाबाईंचा आवाज आला. त्या दिसत नव्हत्या, पण अख्ख्या हॉलला ऐकू गेल्या. “मामा, अंतरपाट वर धरा!”

दोन्ही मामा टाचा उंचावून उभे राहिले, आणि गुरुजींनी ते कडवं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.